कमल सिस्टरांचा रविवार

आमच्या दवाखान्यात नवा भूलतज्ज्ञ रुजू झाला, की सही करून तो खुर्चीत टेकायच्या आत कमल सिस्टर दारात उभ्या राहायच्या. इस्त्रीची पांढरी साडी, हातात प्रसूती वॉर्डाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर मांडवात पाहुण्यांना या-बसा करणाऱ्या वधूच्या आईचं हसू. "साहेब, रविवारले काय करी ऱ्हायनात?" असं त्या विचारायच्या. साहेब "अजून काही ठरलं नाही" म्हणाले की काम फत्ते. ठरलंय म्हणाले तरी काम फत्तेच, कारण रिक्षावाल्याला, खमणवाल्याला आणि मला त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

मला अशासाठी, की सिस्टर तापीकाठच्या गावच्या, आणि त्यांच्या तोंडात अहिराणी सोडून दुसरी भाषा फार वेळ टिकायची नाही. बाहेरगावच्या डॉक्टरांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. मी संगमनेरहून या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायला आले होते आणि एव्हाना मला अहिराणी समजायला लागली होती. दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं ते असं. माझ्या वेळी मात्र स्टेशनजवळ एक प्लेट खमण खाऊ घालून सिस्टरांनी मला मोकळं केलं होतं. मी एकदा तशी तक्रार केली, तर म्हणाल्या, "लॅबवाली काय, भेटी जास. भूल देणारा कोठे भेटस?"

भेटत नव्हताच. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, नंदुरबार शहरातला, लहानसा. बाळंतिणी मात्र पार धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून यायच्या. सिझेरियनची वेळ आली की ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, टेबल होतं, दिवे होते. भूल देणारं कोणी नसलं की सगळं असून नसल्यासारखं. मग बाईला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं आणि सुरतेला पाठवायचं. अशाच एका बाईबरोबर सिस्टर गेल्या होत्या. नवापूर ओलांडल्यावर गाडीतच तिचा जीव गेला, पोटातल्या बाळासकट. परत येताना ड्रायव्हर पुढे बसा म्हणाला, तर सिस्टर बसल्या नाहीत. मागे तिच्याशेजारी बसून आल्या.

त्यानंतर त्यांनी मनाशी ठरवलं, की दवाखान्यात भूल देणारा माणूस टिकवायचा. मोठ्या शहरासारखा पगार ट्रस्टला झेपणारा नव्हता आणि सिस्टरांच्या हातात तर नव्हताच. त्यांच्या हातात होतं त्यांचं नंदुरबार. "पोट रमनं का पाय रमतस," हे त्यांचं शास्त्र.

या शास्त्राचा अभ्यासक्रम ठरलेला होता. पहिल्या रविवारी खमण, तेही सकाळीच, सोबतची कढी गरम असताना. दुसऱ्या रविवारी शेवभाजी, बस स्टँडच्या मागच्या एका खानावळीत. तिथे टेबलावर बसायच्या आधी सिस्टर सरळ भटारखान्यात शिरायच्या. मालक झारा हातात धरून उभाच. तिशीचा, झुपकेदार मिशांचा गडी, पण सिस्टरांच्या हातावर जन्मलेला. "हाऊ पायाळू शे," त्या डॉक्टरांना सांगायच्या, "याले बाहेर काढता काढता मन्हा घाम निंघना. तवयपाईन असाच शे, सांगं त्यानं उलटं करस." गल्ल्यावर बसलेली बायको पदरात तोंड लपवून हसायची आणि मालक खाली मान घालून म्हणायचा, "माय, तिखट कमी करस ना, पन गिऱ्हाईकसमोर नको सांगू."

निम्मं गाव त्यांच्या हातावर आलेलं. त्यामुळे शहराचा नकाशाही त्यांच्या डोक्यात बाळंतपणांवरून बसलेला होता. गल्लीचं नाव विचारलं तर त्यांना आठवायचं नाही. जुळी झाली त्या घरावरून उजवीकडे वळा, असा त्यांचा पत्ता. चहा चांगला कुठला, तर ज्याच्या आईने कळा देताना सिस्टरांचा हात चावला होता त्याचा. हिवाळ्यातलं भरीत खायचं तर काचेच्या पेटीत ठेवावं लागलेल्या पोराच्या गाडीवरचं, आणि ते पोर आता एवढं आडवं झालेलं, की गाडीमागे मावत नसे.

सिस्टर स्वतः बाहेर काही खायच्या नाहीत. समोर बसून खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, पहिल्यांदा पाजणारी आई बाळाकडे बघते तशा. "कसं शे?" म्हणून विचारायच्या. "छान आहे" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. "छान ते पाव्हना म्हनतस. घाम उना का?"

सुरुवात झाली ती नागपूरकडच्या एका डॉक्टरांपासून. "आमच्याकडचं सावजी पचवलेला माणूस मी, मला तिखटाचं काय सांगता," असं ते पहिल्याच दिवशी बोलून गेले आणि फसले. सिस्टरांनी भटारखान्यात जाऊन त्या दिवशी तिखट वाढवायचा उलटा निरोप दिला. डॉक्टरांनी शेवभाजी खाल्ली, वर वाटीत उरलेली तर्री प्यायले. सिस्टर इतक्या खूश झाल्या, की त्याच भरात त्यांना शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या दाखवायला घेऊन गेल्या. थंडीचे दिवस, मैदानभर लाल मिरची वाळत पसरलेली, बायका पदर आवळून ती खालीवर करताहेत. आम्हाला त्या हवेची सवय. डॉक्टर फोटो काढायला जरा आत गेले आणि वारं फिरलं. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. माणूस कडेला बसला तो उठेना. एकीने पाणी आणून दिलं, बाकीच्या हसत होत्या. सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "व्हई जाई सवय, व्हई जाई."

सवय व्हायच्या आत ते गेले. घराजवळ नोकरी मिळाली म्हणून गेले, पण सिस्टरांनी बोल स्वतःला लावून घेतला. खाणं आणि पाहणं एकाच दिवशी उरकायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र चूक खरंच सिस्टरांची होती. हे डॉक्टर मराठवाड्यातले. अबोल, पण जे पुढ्यात येईल ते आवडीने खाणारे. खांडबाऱ्याच्या बाजारातून बांबूचे कोंब आणून त्यांनी स्वतः भाजी केली आणि डब्यातून सिस्टरांना आणून दिली. सिस्टरांना वाटलं, आता जमलं. हुरूप येऊन त्यांनी डॉक्टरांना नवापूरचं स्टेशन दाखवायला नेलं. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द तिथे फलाटावरूनच जाते आणि एक बाक असं आहे, की अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. आमच्या जिल्ह्याला त्या बाकाचं कोण कौतुक. सिस्टरांनी डॉक्टरांना बरोबर हद्दीवर बसवलं आणि मला फोटो काढायला लावला. डॉक्टरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, इथून सुरत किती लांब?"

लांब कसली, हे काय इथेच, असं सिस्टरांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. गाड्यांच्या वेळाही सांगितल्या. दिवाळीच्या आत डॉक्टर सुरतेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागले.

"मीच त्याले गुजरातनी वाट दखाडी," सिस्टर म्हणाल्या. कितीतरी दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. नवापूर अभ्यासक्रमातून कायमचं बाद झालं. पुढे कोणी त्या बाकाचा विषय काढला, तर त्या म्हणायच्या, "बसानं बाक शे. त्यामा काय दखानं?"

त्यानंतर बरेच दिवस भूल देणारं कोणी आलंच नाही. ॲम्ब्युलन्स पुन्हा सुरतेच्या वाटेला लागली, आणि ती फाटकाबाहेर पडली की सिस्टर वॉर्डात उगाचच चादरी बदलायला घ्यायच्या.

मग डॉक्टर गौरी आल्या. चिपळूणकडच्या, वयाने लहान, बारीक चणीच्या. दवाखान्यात सिस्टर त्यांना "मॅडम, तुम्ही" म्हणायच्या आणि फाटक ओलांडलं की "बेटा, तू". मॅडमनी खमणाचा एक तुकडा खाल्ला. शेवभाजी नुसती बघितली आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पायाळू मालकाने स्वतः येऊन विचारलं, काय चुकलं म्हणून. सिस्टरांचं शास्त्र पहिल्यांदाच लटपटलं. "हाई पोरनं पोटच उघडस नही," त्या मला म्हणाल्या, "आते काय करो?"

एकदा रिक्षातून परतताना मॅडम माझ्याशी बोलता बोलता म्हणाल्या, की आईच्या हातच्या माशाच्या कालवणाची फार आठवण येते. मी हे सिस्टरांना सांगितलं नाही. पण तेवढं मराठी त्यांना कळत होतं.

सिस्टर माळकरी. अंड्याला लागलेला चमचा त्यांच्या घरात आला नव्हता. पुढच्या रविवारी त्या आम्हाला सारंगखेड्याला घेऊन गेल्या. घोड्यांच्या यात्रेचे दिवस नव्हते, मैदान रिकामं होतं, त्यामुळे देवळात जायचं असेल असं मॅडमना वाटलं. सिस्टर पुलाजवळच्या एका भोईणीच्या झोपडीपाशी थांबल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "तापीना ताजा मासा दे हिले. तेल कमी टाक." मग नाकाला पदर लावून दूर लिंबाखाली गेल्या आणि पाठ करून बसल्या. मॅडम खात होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि भोईणीने तर तिखट जेमतेम घातलं होतं.

"खाई ऱ्हायनी का?" सिस्टर पाठमोऱ्याच विचारत होत्या.

"खाताहेत," मी सांगितलं.

"काटा संभाळ म्हना तिले."

येताना रिक्षात त्यांनी मला मध्ये बसवलं, वास येतो म्हणून. घरी गेल्यावर आपण आंघोळ केली, माळसुद्धा धुतली, हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं. त्या दिवशी मला सिस्टर फार म्हणजे फार आवडल्या.

तोरणमाळ हा त्यांचा हुकमाचा एक्का. आधीच्या दोघांसाठी तो त्यांनी टाकलाच नव्हता. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि सीताखाईत पाणी पडत असतं, त्या दिवसांत न्यायचं, असा त्यांचा बेत होता. आम्ही कुठे लांब गेलो तर अडीनडीला शहरातले एक खाजगी भूलतज्ज्ञ यायचे. त्यांना सिस्टरांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. आम्ही जीप करून सकाळी निघालो. शहादा मागे पडलं, सातपायरीचा घाट लागला आणि मॅडम खिडकीबाहेर डोकं काढून बघायला लागल्या. वर यशवंत तलावाजवळ एका पावरा आदिवासी बाईच्या घरी मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि पाट्यावर वाटलेली चटणी खाल्ली. मॅडमनी दुसरी भाकर मागितली. सिस्टरांनी माझा हात इतक्या जोरात दाबला, की बांगडी रुतली. सीताखाईच्या काठावर मॅडम किती वेळ नुसत्या उभ्या होत्या, आणि सिस्टर त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. खाईकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

वर आमच्या फोनना रेंज नव्हती. घाट उतरताना ते वाजायला लागले. फोन वॉर्डातल्या नर्सचा होता. धडगावकडची पहिलटकरीण आली होती, बाळ अडलं होतं, सिझेरियन करावं लागणार होतं. बदलीचे डॉक्टर घरात कोणी आजारी म्हणून अचानक गावाला गेले होते. बाळाचे ठोके अजून ठीक होते. बाईला सुरतेला पाठवायचं का, असं नर्स विचारत होती. सिस्टरांनी फोन मॅडमच्या हातात दिला.

मॅडम शांतपणे बोलल्या. बाईला डाव्या कुशीवर ठेवा, सलाईन चालू करा, ठोके बघत राहा, टेबल तयार ठेवा. "सुरतेला पाठवू नका. त्याच्या आधी मी पोचते." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, जमेल तेवढं बघा."

तोरणमाळहून नंदुरबार काही जवळ नाही. ज्या बाईसाठी भूल देणारा माणूस टिकवायचा म्हणून हा सगळा आटापिटा, तिच्याच वेळेला त्या माणसाला सिस्टरांनी स्वतः डोंगरावर नेऊन बसवलं होतं. हे मला कळत होतं आणि त्यांना तर कळतच होतं. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला. एरवी तिथे गाडी थांबवून संगम दाखवल्याशिवाय त्या कोणाला पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्या हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या.

दवाखान्यात पोचल्यावर मॅडम चपला बाहेरच टाकून आत धावल्या. मी रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये गेले आणि माझं काम संपायच्या आत बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. सावळी, वजनदार, खणखणीत आवाजाची. आई सुखरूप होती. सिस्टर बाळाला पुसत होत्या.

मग त्या मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, मन्ही चूक व्हयनी. आते मी तुमले कोठेच लई जानार नही. तुमले आठेन जानं व्हई, ते जा. मी काय बोलाव नही."

मॅडम हात पुसत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, मला खूप भूक लागलीय."

सिस्टरांनी पिशवीतून आपला सकाळचा डबा काढला. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, दोन्ही थंडगार झालेलं. मॅडमनी ते उभ्या उभ्या खाल्लं. भरीत चांगलंच तिखट होतं. नाक पुसत पुसत त्यांनी डबा संपवला.

सिस्टर बोलल्याप्रमाणे वागल्या. त्यानंतर त्या कधी फिरायला आल्या नाहीत. सुट्टी असली तरी रविवारी वॉर्डात येऊन बसायच्या आणि आम्हा दोघींना पिटाळायच्या, तेही लगेच परतता येईल इतक्याच अंतरावर. खाऊन झालं की फोन यायचा, "घाम उना का?" मॅडम "आला" म्हणायच्या आणि तो खरंच आलेला असायचा. वर्षं गेली. मॅडम राहिल्या. मी त्यांना एकदा विचारलं, की का राहिलात. त्या म्हणाल्या, "जायचं म्हणून दोनदा ठरवलं होतं. प्रत्येक वेळी कोणीतरी अडलेली यायची आणि मग राहूनच गेलं." ॲम्ब्युलन्स अधूनमधून सुरतेला जायची, पण बाळंतिणीला घेऊन क्वचितच.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. "बठ्ठा गावले तेलनं खावाडं आनि खडा मन्हा पोटमा," असं म्हणून त्या हसल्या, पण दुखणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुलगी, उज्ज्वला, सुरतेला राहायची. ती गाडी घेऊनच आली. गौरी मॅडमही तिच्याच बाजूने होत्या. "सिस्टर, तुमचं हृदय थोडं अशक्त आहे. सुरतेला सगळ्या सोयी आहेत. तुम्हाला भूल द्यायची मला भीती वाटते."

सिस्टर खाटेवर मांडी घालून बसल्या. "जनमभर बायासले सुरतले धाडू नका म्हनत उनू. आते मीच जाऊ का? मन्ही डॉक्टर आठे शे."

उज्ज्वला रडली, भांडली, माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मॅडमनी शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, पुन्हा पुन्हा तपासण्या करायला लावल्या, त्यातल्या निम्म्या माझ्याच लॅबमध्ये. मग एकदाच्या हो म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. बऱ्या झाल्यावर उज्ज्वलाने त्यांना सुरतेला नेलं आणि काही हिवाळ्यांनंतर त्या तिथेच वारल्या. जायच्या आदल्या आठवड्यातही त्यांनी मला फोन करून मॅडम नीट जेवतात का, असं विचारलं होतं. पण मला सिस्टर आठवतात त्या त्या दिवशीच्या, ऑपरेशनच्या टेबलावरच्या.

लागलं तर असावं म्हणून रक्ताची पिशवी घेऊन मी आत गेले होते. इस्त्रीची साडी नाही, किल्ल्या नाहीत, हिरव्या गाऊनमध्ये सिस्टर एवढ्याशा दिसत होत्या. मॅडम औषध भरत होत्या. भूल देताना त्या पेशंटशी काहीबाही बोलत राहायच्या, तसं त्यांनी विचारलं, "सिस्टर, सांगा बरं, या रविवारी कुठे जाऊ या?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "कोठेच नही," त्या म्हणाल्या. "रविवारले बी बाया बाळंत व्हतीस. तू आठेच ऱ्हाय, बेटा."

इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक डॉक्टरला त्यांनी खाऊ घातलं, डोंगर दाखवले, नदी दाखवली. इथेच राहा, असं कोणाला म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"राहतेय ना," मॅडम म्हणाल्या आणि औषध सोडलं. सिस्टरांनी आणखी काही म्हणायला ओठ हलवले, मग त्यांचे डोळे मिटले. मॅडमनी त्यांच्या नाडीवर बोटं ठेवली आणि मान न वळवता मला म्हणाल्या, "रक्त तिथे ठेव आणि बाहेर उज्ज्वलाला सांग, मी हिच्या उशाशी आहे."